भोंगा एक, पगार सतरा

दिवाळी अंकात पगाराची गोष्ट काढू नये असा एक अलिखित संकेत आहे. हातात चकली असताना शेजारच्या ताटात काय पडले याची चौकशी करणे आपल्याकडे असभ्यपणाचे मानतात. आणि पगाराची विचारपूस म्हणजे तर असभ्यपणाची परमावधीच! तरी मी हा संकेत आज मोडणार आहे, आणि त्याला कारण खुद्द दिवाळीच आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुठल्याशा गच्चीवर भुईनळा उलटा फुटतो, पोराचा हात भाजतो, धुराने आजोबांना दम लागतो, काशीमीऱ्याच्या नाक्यावर एखाद्या दुचाकीस्वाराला ट्रक उडवतो, आणि मग घराघरांतून एकच आकडा फिरवला जातो : १०८. तो आकडा फिरवताना आपण एवढेच विचारतो, की गाडी निघाली का? गाडीतून जे दोघे उतरतात त्यांच्या उंबऱ्यावर त्या घटकेला पणती कोणी लावली असेल, हे विचारण्याची ती वेळ नव्हे, हे मला मान्य आहे. पण ती वेळ मग वर्षभर येतच नाही. म्हणून म्हटले, वाचकहो, फराळ चालू आहे तोवरच विचारून घ्यावे.

माझी उभी हयात दुसऱ्यांची पगारपत्रके तपासण्यात गेली. या धंद्यात माणसाला एक वाईट खोड लागते. कोणी ‘सेवा’ म्हटले की आमची नजर ‘मूळ वेतन’ या रकान्याकडे जाते. ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही, आणि आता सुटेल असे दिसत नाही.

मी राहतो मीरा-भाईंदरला. दक्षिणेला दहिसरचा नाका, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा किनारा आणि पूर्वेला घोडबंदरवरून ठाण्याकडे जाणारा रस्ता, अशा चौकटीत हे गाव बसले आहे. गाव म्हणण्याची आपली जुनी सवय. एरवी २००२ सालापासून ही महानगरपालिका आहे. २००१ च्या शिरगणतीत येथे ५,२०,३८८ माणसे होती, २०११ च्या शिरगणतीत ती ८,०९,३७८ झाली. मिठागरांच्या कडेकडेने इमारती उभ्या राहिल्या आणि मुंबईत जागा न परवडणारा मध्यमवर्ग येथे येऊन राहिला. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशींच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे. पण दुखणे जरा गुंतागुंतीचे निघाले की पुष्कळदा रुग्णवाहिका दहिसर नाका ओलांडून मुंबईची वाट धरते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्या नाक्यावर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. रुग्णवाहिकेला तर तो कधी नव्हताच. रोगी अडत नाही, गाडी अडत नाही. अडतो तो फक्त गाडीतल्या माणसाच्या पगाराचा विचार.

तो कसा अडतो ते सांगतो. आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. वर्तमानपत्र पूर्ण वाचतात आणि त्यातले निम्मे जिन्यात आम्हाला ऐकवतात. रुग्णवाहिकेच्या चालकांचा आणि तीतल्या डॉक्टरांचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, “अहो, पगार हा प्रदेशावर असतो. मुंबईचा वेगळा, भाईंदरचा वेगळा, गडचिरोलीचा वेगळा, आंध्राचा वेगळा. आंब्याची फणसाशी तुलना कशाला करता?” हे वाक्य इतके शहाणपणाचे वाटते, की ऐकणारा लगेच मान डोलावतो. सरकारी कचेऱ्यांतही हेच वाक्य अधिक जाड कागदावर लिहिलेले असते. माझे या वाक्याशी भांडण आहे, आणि हा लेख म्हणजे तेच भांडण होय.

प्रदेशाप्रमाणे नेमके काय बदलते? आपल्या देशाने हा प्रश्न १९५७ साली विचारला होता. त्या वर्षीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार असे तिघे एका मेजाभोवती बसले आणि किमान वेतन कसे मोजावे याचे माप त्यांनी ठरवले. कमावता माणूस, त्याची बायको आणि दोन मुले यांची मिळून तीन माणशी खाणारी तोंडे धरावीत. दर तोंडी २,७०० उष्मांकांचे अन्न असावे. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड असावे. घराचे भाडे धरावे. आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा ठेवावा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने या मापात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के घातले. आता मला सांगा, यातले भाईंदरला एक आणि गडचिरोलीला दुसरे असे काय आहे? भाईंदरच्या चालकाला २,७०० उष्मांक लागतात आणि गडचिरोलीच्या चालकाचे १,८०० वर भागते, असे त्या परिषदेतला कोणी बोलला नाही. बहात्तर वार कापड दोन्हीकडे बहात्तर वारच भरते. डाळ-तांदळाच्या भावात थोडा फरक पडेल, मान्य. पण गडचिरोलीत डाळ झाडाला लागून फुकट मिळत नाही, आणि तेथल्या चालकाच्या मुलाला शिकायला पाठवायचे झाले तर त्याला घराबाहेर ठेवण्याचा खर्च येतो तो वेगळाच. खराखुरा, डोळ्यांत भरणारा फरक एकाच गोष्टीत आहे : डोक्यावरच्या छपराच्या भाड्यात.

आणि गंमत अशी, की हे आपल्या सरकारला चांगले ठाऊक आहे! भाईंदरच्या टपाल कचेरीतल्या कायम कारकुनाचे पगारपत्रक पाहा. त्याचे मूळ वेतन आणि गडचिरोलीच्या टपाल कचेरीतल्या, तेवढीच नोकरी झालेल्या कारकुनाचे मूळ वेतन एकच. महागाई भत्त्याचा दरही देशभर एकच. वेगळा आहे तो घरभाडे भत्ता, आणि तोही चोरून नव्हे, छापून. शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग पाडले आहेत. २०२४ च्या जानेवारीपासून त्यांना अनुक्रमे मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के घरभाडे मिळते. बृहन्मुंबईचा जो नागरी पट्टा शिरगणतीने ठरवला आहे त्यात मीरा-भाईंदर येते, म्हणून आमचा कारकून एक्स वर्गात. खाडी ओलांडून नायगावला गेलात की वसई-विरार वाय वर्गात. गडचिरोली झेड वर्गात. अठरा हजारांच्या मूळ वेतनावर भाईंदरला ५,४०० आणि गडचिरोलीला १,८०० रुपये. प्रदेशाची किंमत ३,६०० रुपये! एवढीच. बाकी माणूस तोच, काम तेच, वेतन तेच. जी गोष्ट पोस्टाची पाकिटे वाटणाऱ्या खात्याला जमते, ती श्वास कोंडलेल्या माणसाला नळी लावणाऱ्यांच्या बाबतीत अशक्य होते, याला काय म्हणावे?

आता त्या ‘प्रदेशा’चे दुसरे रूप पाहा. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने देशाचे पाच विभाग पाडून किमान वेतन सुचवले. बिहार, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश वगैरेंना दिवसाला ३४२ रुपये. महाराष्ट्र, गुजरात, केरळ या गटाला ४१४. गोवा, दिल्ली, पंजाब या गटाला ४४७. शहरात राहणाऱ्याला घरभाड्यापोटी वर आणखी सरासरी महिना १,४३० रुपये. चौदाशे तीस रुपयांत मीरा रोडला काय भाड्याने मिळते, याचा मी शोध घेऊन पाहिला. माणसाला राहता येईल असे काही सापडले नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची सावली मिळेल कदाचित, तीही संस्थेने ठराव केला तर! बरे, एवढी काटकसरीची शिफारससुद्धा सरकारला पेलली नाही. त्याच वर्षी केंद्राने साऱ्या देशाचा किमान पाया ठरवला तो दिवसाला १७८ रुपये, म्हणजे आदल्या आकड्यात दोन रुपयांची भर घालून.

प्रदेशाची ही सबब किती पोकळ आहे याचा सर्वांत मोठा पुरावा आंध्र प्रदेशाने दिला. तेथे १ जुलै २०२० रोजी १,०८८ नव्या गाड्या रस्त्यावर आणताना तेव्हाचे मुख्यमंत्री जगनमोहन रेड्डी यांनी जाहीर केले, की १०८ च्या चालकाला जे दहा हजार मिळत होते ते आता नोकरीच्या वर्षांप्रमाणे १८,००० ते २८,००० होतील. आणि गाडीतल्या वैद्यकीय तंत्रज्ञाचे बारा हजार २०,००० ते ३०,००० होतील. मी आमच्या गृहस्थांना एवढेच विचारले, की ३० जूनच्या रात्री आणि १ जुलैच्या सकाळी विजयवाड्याच्या तांदळाचा भाव दुप्पट झाला होता काय? कृष्णा नदीने पात्र बदलले होते काय? प्रदेश तोच, माणसे तीच, रोगीही तेच. बदलला तो पगार देणाऱ्याचा विचार. म्हणजे पगार प्रदेश ठरवत नाही, पगार देणारा ठरवतो. आणि प्रदेशाचे नाव पुढे करतो, एवढेच. शिवाय त्या घोषणेत नोकरीच्या वर्षांना मोल दिले होते. दहा वर्षे गाडी हाकणाऱ्याला कालच्या पोराइतकेच देण्याची पद्धत आपल्याकडच्या ठेक्यांत इतकी मुरली आहे, की अनुभव हा रुग्णवाहिकेत केवळ वजन वाढवणारा जिन्नस असावा असे वाटते.

दिवाळीला परदेशातून आलेले भाचे-पुतणे येथे हमखास तोंड घालतात. “मामा, आमच्याकडे पॅरामेडिकला किती मिळतात माहीत आहे?” आणि मग डॉलरचे रुपये करून ते असा आकडा सांगतात, की मामींच्या हातून करंजी फुटावी. मी या गुणाकाराला भीक घालत नाही. अमेरिकन सरकारच्याच २०२४ च्या आकड्यांप्रमाणे तेथल्या साध्या आपत्कालीन तंत्रज्ञाची मधली कमाई वर्षाला ४१,३४० डॉलर होती, आणि सगळ्या धंद्यांतल्या कामकऱ्यांची मधली कमाई ४९,५०० डॉलर. म्हणजे त्या कुबेराच्या नगरीतसुद्धा मरणाच्या दारातून माणूस ओढून आणणारा हा मधल्या कामकऱ्यापेक्षा खालीच बसतो. त्याच्याहून अधिक शिकलेला पॅरामेडिक तेवढा ५८,४१० वर, मधल्या रेघेच्या वर चढतो. डॉलरचे रुपये करून काही कळत नाही. आपल्याच गावातल्या इतरांच्या पंगतीत याचे पान कुठे मांडले आहे, एवढे पाहावे.

इंग्लंडचे उदाहरण मला अधिक उपयोगी वाटते, आणि तेही तेथे स्वर्ग आहे म्हणून नव्हे. २१ डिसेंबर २०२२ ला इंग्लंड-वेल्सच्या रुग्णवाहिकांवरील माणसे पगारासाठी संपावर गेलीच होती. परंतु तेथे २००४ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवेत वेतनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि लंडनच्या महागाईसाठी वरचा भत्ता उघड छापलेला आहे : आतल्या लंडनला वीस टक्के, बाहेरच्या लंडनला पंधरा, आणि लंडनच्या काठावरच्या भागाला पाच, त्यालाही कमीत कमी आणि जास्तीत जास्त रकमेची मर्यादा. वाचकहो, काठावरचा भाग म्हणजे काय, हे आम्हा मीरा-भाईंदरकरांना समजावून सांगावे लागत नाही! तेथला माणूस भांडतो तेव्हा निदान कोणत्या आकड्याशी भांडतो आहे हे त्याला ठाऊक असते. आपल्याकडे भांडायलासुद्धा आकडा हाती लागत नाही. तो निविदेच्या पोटात दडलेला असतो.

निविदेचे नाव निघालेच आहे तर महाराष्ट्राचे सांगतो. आपल्याकडे १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ गाड्या प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या. आपल्या सेवेचे वैशिष्ट्य असे, की गाडीत नुसता तंत्रज्ञ नसतो, डॉक्टर असतो; बहुधा आयुर्वेदाची पदवी घेतलेला. इतर राज्यांत त्याच आकड्यावर फोन केला तर तंत्रज्ञ येतो. हा फरक लक्षात न घेता राज्याराज्यांच्या पगाराचे तक्ते लावणारे लोक साखर आणि रवा एकाच मापात ओततात. साडेपाच वर्षे घासून पदवी मिळवलेला डॉक्टर आणि काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला तंत्रज्ञ यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून ‘महाराष्ट्र पुढे’ म्हणणे ही शुद्ध मखलाशी आहे. पुढे असेल तर पदवीच्या मानाने असावा लागेल.

या सेवा चालवायला कंपन्यांकडे दिल्या जातात. गाडी कशी असावी याला देशभर एकच मानक आहे. एआयएस-१२५ असे त्याचे नाव. गाडीचे चार प्रकार, आतली लांबी-रुंदी, बाहेरचा पांढरा रंग, वरचे दिवे, सगळे त्यात बांधून दिले आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पत्रा एका मापाचा. पत्र्याच्या आत बसणाऱ्या माणसाला मात्र मानक नाही. २०२१ साली संसदेने वैद्यकीय साहाय्यकांच्या व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात आपत्कालीन तंत्रज्ञाचे नाव घातले. नोंदणी आली, अभ्यासक्रमाचे मानक आले, पगार आला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली अपघातानंतरच्या पहिल्या तासाला नाव मिळाले. तो म्हणे सोनेरी तास! रोग्याचा तास सोन्याचा आणि त्या तासात धावणाऱ्याचा तास कथलाचा, ही कुठली सराफी?

तासांवरून आठवले. रुग्णवाहिकांत बारा-बारा तासांच्या पाळ्या सर्रास चालतात. तेव्हा कोणी महिन्याचा आकडा सांगितला की मी त्याला पहिल्यांदा तास विचारतो. आठ तासांचे अठरा हजार आणि बारा तासांचे वीस हजार यांत जास्त कुठले, हे चौथीतले पोर सांगेल. जादा तासांना निदान दुप्पट दर द्यावा, असे नव्या वेतन संहितेतही लिहिले आहे. ती २०१९ साली संमत झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. लिहिलेले आहे हे मी मुद्दाम सांगतो, कारण लिहिलेले आणि मिळालेले हे दोन वेगळे रकाने असतात, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो.

आता आमच्या गृहस्थांचा प्रदेश आणखी लहान करू. राज्य सोडा, जिल्हा सोडा. आपल्याकडच्या कोणत्याही महापालिकेच्या एका इस्पितळाच्या एकाच फाटकापाशी उभे राहा. एक गाडी येते, तिचा चालक महापालिकेच्या कायम सेवेतला : वेतनश्रेणी, महागाई भत्ता, घरभाडे, रजा. दुसरी येते, तिचा चालक त्याच महापालिकेचा, पण ठेकेदारामार्फत. तिसरी १०८ ची, तिचा धनी कंपनी. चौथी खासगी, फेरीमागे पैसे; फेरी नाही तर चूल नाही. चौघांचा भोंगा सारखाच वाजतो, चौघेही सारखेच सिग्नल तोडतात, चौघांच्याही गाडीत मागे कोणाचा तरी बाप किंवा कोणाची तरी लेक असते. येथे कुठला प्रदेश आडवा आला? दहा पावलांच्या जागेत चार पगार बसतात, आणि आम्ही मुंबई मोठी की आंध्र मोठा म्हणून नकाशे धुंडाळतो! नकाशावरची तुलना सरकारला आवडते, कारण नकाशात ठेकेदार दिसत नाही.

या बाबतीत न्यायालयाचे दार एका मोटारचालकानेच ठोठावले होते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. रणधीरसिंग हे दिल्ली पोलिसांतले चालक शिपाई. त्यांचे म्हणणे साधे होते : इतर सरकारी खात्यांतले चालक गाडीच चालवतात, मीही गाडीच चालवतो, मग माझे वेतन कमी का? १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली आणि समान कामाला समान वेतन हे राज्यघटनेचे उद्दिष्ट असल्याचे सांगितले. पुढे २०१६ साली पंजाबातल्या जगजितसिंग खटल्यात तेच तत्त्व सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू केले. म्हणजे न्याय आहे. परंतु हा न्याय सरकारच्या नोकराला. मध्ये कंपनी नावाचा पडदा टांगला की सरकार म्हणते, “हा आमचा माणूसच नव्हे.” २०२५ च्या दिवाळीत मुंबई महापालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांना ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान दिले. चांगले केले. पण ‘आपल्या’ या शब्दात कोण बसतो? १०८ ची गाडी कोणाच्याच ‘आपल्या’त बसत नाही. फोन करताना मात्र ती सर्वांची असते.

मग शेवटी ‘देवदूत’ हा शब्द काढतात. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या, मीही वाजवली. मनापासून वाजवली, त्याबद्दल मला लाज नाही. पण त्यानंतर मला या शब्दाचा फायदा कोणाला होतो ते कळले. देवदूताला भाडे नसते, देवदूताच्या पोराची फी तुंबत नाही, देवदूत बारा तासांनंतर थकत नाही. माणसाला एकदा देवदूत करून टाकला की त्याने पगाराचे नाव काढणे म्हणजे देवत्वाला बट्टा! आणि त्याने संपाची नोटीस दिली की तोच शब्द वापरणारे लोक ‘रोग्यांना वेठीस धरतात’ म्हणून ओरडतात. वेठ हा शब्द मुळात बिनपगारी राबणाऱ्याचा आहे, याची त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते.

माझे मागणे मोठे नाही. १०८ ची पुढची निविदा निघेल तेव्हा, गाडीच्या पत्र्याचे माप जेथे लिहिले जाते त्याच पानावर चालकाचे आणि डॉक्टरचे मूळ वेतन लिहावे. ते भाईंदरला आणि गडचिरोलीला एकच असावे, आणि नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढावे. घरभाडे टपाल कारकुनाच्याच वर्गवारीने द्यावे. कंपनीने पगार कमी दिला तर पुढचे बिल अडावे. गाडीच्या दारावर पुढाऱ्यांच्या छबीला जागा सापडते, तेथे पाळीचे तास लिहायला बोटभर जागा सापडेल. यातले एकही काम संसदेकडे जाण्याचे नाही.

आमच्या गावापुरते मी सुरुवात करतो आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून तयार आहे. महापालिकेच्या सेवेत किती रुग्णवाहिका आहेत, त्यांवर कायम किती आणि ठेक्याचे किती, ठेक्याच्या करारात दरडोई वेतन काय लिहिले आहे, आणि मागच्या बारा महिन्यांत ते कोणत्या तारखांना खात्यात जमा झाले, असे चार प्रश्न आहेत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आहे. भाऊबीज उरकली आणि कचेऱ्या उघडल्या, की देऊन येतो. जिन्यातल्या गृहस्थांनाही सही करायला सांगितले आहे. ते म्हणाले, आधी वाचून पाहतो.